घरात गंभीर मानसिक आजार: पैसा, कागद आणि सांभाळ यांचा क्रम कसा लावायचा

हा लेख अशा घरांसाठी आहे जिथे स्किझोफ्रेनिया, बायपोलर किंवा पुन्हा पुन्हा उलटणारं तीव्र नैराश्य असं निदान झालेलं आहे. औषधं सुरू आहेत किंवा मध्येच बंद पडली आहेत. आणि घरातलं एक माणूस, बहुतेक वेळा आई, बायको किंवा बहीण, सांभाळता सांभाळता स्वतःची कमाई, झोप आणि तब्येत घालवून बसलं आहे.

स्वमदत गटात येणाऱ्या कुटुंबांच्या पिशवीतले कागद पाहिले की एक गोष्ट वारंवार दिसते. योजना आहेत, कायदे आहेत, पण घरच्यांनी सगळं उलट्या क्रमाने केलेलं असतं. आधी नोकरीचा राजीनामा, मग अपंगत्वाचं प्रमाणपत्र. आधी दागिने मोडून खासगी दवाखाना, आणि नंतर कळतं की जिल्हा रुग्णालयात तीच गोळी मोफत मिळत होती. आधी वडील जातात, मग त्यांच्या निवृत्तिवेतनात मुलाचं नाव घालण्यासाठी धावपळ. यातलं बरंचसं नुकसान टाळता येण्यासारखं असतं, म्हणून खाली दिलेला क्रम शक्यतो मोडू नका.

आमच्या गटांमध्ये आजारी माणसाला शुभार्थी आणि सांभाळणाऱ्याला शुभंकर म्हणतात. इथेही तेच शब्द वापरते.

## तयारी: एक फाइल आणि एक वही

फाइल. प्लास्टिकच्या कप्प्यांची एक जाड फाइल घ्या. त्यात आधार, रेशन कार्ड, रहिवासाचा पुरावा, पासपोर्ट आकाराचे फोटो, बँक पासबुक, पहिल्या उपचारापासूनचे सगळे केसपेपर, डिस्चार्ज कार्ड, रक्ततपासण्या आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे लावा. मूळ केसपेपर कोणत्याही कार्यालयात सोडून येऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ फक्त दाखवा.

जुने कागद हरवले असतील तर त्या रुग्णालयाच्या रेकॉर्ड विभागात लेखी अर्ज करा. स्वतःच्या उपचारांच्या नोंदी मिळण्याचा हक्क मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ च्या कलम २५ मध्ये आहे. आजार किती वर्षांपासून आहे हे पुढे तीन-चार ठिकाणी सिद्ध करावं लागतं, म्हणून पहिला केसपेपर सर्वांत मोलाचा.

वही. रोज दोन ओळी पुरतात. खर्च किती झाला, कोणाचा कामाचा दिवस बुडाला आणि काय घडलं, एवढंच. उदाहरणार्थ: "मंगळवार. रात्री २ ते ४ अंगणात फेऱ्या. आंघोळ तीनदा सांगून, पाणी मी काढून दिलं. दुपारी जेवला नाही, अन्नात काहीतरी घातलंय म्हणाला. माझी मजुरी बुडाली." ही वही डॉक्टरांना औषध ठरवायला उपयोगी पडते आणि पुढे प्रमाणपत्राच्या तपासणीतही लागते. शिवाय पैसा नेमका कुठे जातो ते तिच्यातूनच कळतं. २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात कुटुंबांचा महिन्याचा खर्च साधारण हजार ते दीड हजार रुपये दिसला होता, आणि त्यात औषधांबरोबर प्रवासाचा वाटा मोठा होता. बुडालेली मजुरी बहुतेक घरं मोजतच नाहीत. ती मोजा.

*तपासा:* आधार, केसपेपर आणि पासबुकावर नावाचं स्पेलिंग एकच आहे का? आधारला जोडलेला मोबाइल नंबर चालू आहे का? आजारात फोन फेकला गेलेला असतो, सिम बंद पडलेलं असतं, आणि पुढचं प्रत्येक काम ओटीपीवर अडतं. ही दोन कामं सर्वांत आधी.

## टप्पा १: उपचाराचा महिन्याचा खर्च स्थिर करा

मोठा खर्च बहुतेक वेळा आजार उलटल्यावर येतो: दाखल करणं, मोडतोड, बुडालेलं काम, तातडीची गाडी. नियमित गोळी हा त्यातला सर्वांत स्वस्त भाग असतो. तरीही काटकसर करायची वेळ आली की पहिली कात्री गोळीलाच लागते.

१. डॉक्टरांना औषधाचं मूळ नाव, म्हणजे जेनेरिक नाव, लिहून द्यायला सांगा. ते घेऊन जवळच्या सरकारी रुग्णालयात आणि जनऔषधी केंद्रात चौकशी करा. ठाणे, येरवडा (पुणे), नागपूर आणि रत्नागिरी इथे प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, पण दर महिन्याच्या गोळ्यांसाठी तिथवर जाण्याची गरज नसते. जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाचं पथक ठरलेल्या दिवशी ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात येतं. तुमच्या तालुक्यात कोणता वार आहे ते जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागात विचारा. गोव्यात बांबोळीची आयपीएचबी ही सरकारी मानसोपचार संस्था आहे.

२. औषध बदलायचं ठरलं तर तपासण्यांचा खर्च आधीच विचारा. क्लोझापीन सुरू केल्यावर पहिले १८ आठवडे दर आठवड्याला रक्तातल्या पांढऱ्या पेशी मोजतात. लिथियमला रक्तातली पातळी, थायरॉइड आणि मूत्रपिंडाची तपासणी लागते. ओलान्झापीनवर वजन आणि साखर पाहावी लागते. या तपासण्या "नंतर बघू" म्हणण्यासारख्या नाहीत. परवडणार नसतील तर तसं डॉक्टरांना स्पष्ट सांगा आणि सरकारी प्रयोगशाळेची चिठ्ठी मागा.

३. गोळी रोज चुकत असेल तर महिन्यातून एकदा-दोनदा घ्यायच्या दीर्घकाळ टिकणाऱ्या इंजेक्शनबद्दल विचारा. रोजचं "गोळी घेतली का?" हे भांडण थांबलं तरी घराला मोठा आराम मिळतो.

४. दाखल करायची वेळ आलीच तर आयुष्मान भारत किंवा महात्मा फुले जनआरोग्य योजनेत त्या रुग्णालयात काय बसतं ते तिथल्या आरोग्यमित्राला, म्हणजे योजनेच्या मदतनीसाला, पैसे भरण्याआधी विचारा. भरल्यानंतर विचारून उपयोग होत नाही.

सावधान: देवस्थानाला जायचं तर जा, पण गोळ्या सोबत घेऊन जा. "इथे आल्यावर औषध बंद करावं लागेल" किंवा "बांधून ठेवावं लागेल" असं सांगणाऱ्या जागेवरून त्याच पावली परत फिरा. मानसिक आजारी माणसाला कोणत्याही प्रकारे साखळीने बांधायला २०१७ च्या कायद्याने मनाई आहे. "लग्न केलं की सुधारेल" हा सल्लाही तितकाच महाग पडतो, आणि त्याची किंमत दुसऱ्या घरातली मुलगी किंवा मुलगा मोजतो.

## टप्पा २: नोकरी असेल तर राजीनामा थांबवा

नुकसान सर्वांत जास्त इथे होतं, आणि तेही एका सहीत. शुभार्थी कामावर जात नाही, साहेब चिडलेला, घरचे शरमलेले. मग कोणीतरी म्हणतं, "सन्मानाने राजीनामा देऊन टाका."

सरकारी किंवा निमसरकारी नोकरी असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा, २०१६ चं कलम २०(४) वाचा. नोकरीत असताना अपंगत्व आलेल्या कर्मचाऱ्याला काढता येत नाही आणि त्याचा दर्जाही कमी करता येत नाही. ते काम जमत नसेल तर त्याच पगारश्रेणीत दुसरं काम द्यायचं, तसं पद नसेल तर जादा पद निर्माण करून त्याला ठेवायचं. मानसिक आजार या कायद्याच्या २१ अपंगत्वांमध्ये आहे. पण राजीनामा दिलेल्या माणसाला हे संरक्षण मागणं फार अवघड होतं.

खासगी नोकरीत पगारातून ईएसआय, म्हणजे कर्मचारी राज्य विमा, कापला जात असेल तर त्या कार्यालयात जा. नेहमीचा आजारपणाचा भत्ता ९१ दिवसांचा असतो. मात्र दीर्घ आजारांच्या यादीत सायकोसिस, म्हणजे भास-भ्रम होणारे तीव्र मानसिक आजार, आहे. दोन वर्षांची सलग नोकरी आणि पुरेशी वर्गणी भरलेली असेल तर पगाराच्या ८० टक्क्यांपर्यंत वाढीव भत्ता मिळू शकतो, कमाल दोन वर्षं. हे हक्काचं आहे आणि फार थोडी घरं ते मागतात.

क्रम असा ठेवा:

१. पहिल्याच आठवड्यात आजारपणाच्या रजेचा अर्ज डॉक्टरांच्या दाखल्यासह द्या आणि पोच घ्या. अर्ज नसला की "न कळवता गैरहजर" अशी नोंद होते, आणि पुढची कारवाई त्याच नोंदीवर उभी राहते.
२. रजा संपण्याआधी वाढवून घ्या.
३. रुजू होताना फिटनेसच्या दाखल्यावर डॉक्टरांकडून कामातले बदल लिहून घ्या. "रात्रपाळी नको", "एकट्याने वाहन चालवण्याचं काम नको" असं नेमकं लिहिलेलं असावं.

शुभंकर स्वतः केंद्र सरकारी नोकरीत असेल तर अपंग आश्रितामुळे नियमित बदलीतून सूट मागता येते. मानसिक आजारही त्यात धरलेला आहे.

## टप्पा ३: शुभार्थी सावरलेला असतानाच सह्या घ्या

आजार खाली बसलेला असतो ते दिवस फार कामाचे. सगळे सुटकेचा श्वास सोडतात आणि कागदांचं नाव काढत नाहीत, म्हणून ही कामं राहतात. यातलं प्रत्येक काम शुभार्थीच्या समजुतीने आणि संमतीने करायचं आहे. दटावून घेतलेली सही कायद्यात टिकत नाही, आणि विश्वास तर कायमचा जातो.

नामनिर्देशित प्रतिनिधी. २०१७ च्या कायद्यानुसार शुभार्थी साध्या कागदावर, सही किंवा अंगठा करून, आपला प्रतिनिधी नेमू शकतो. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोटरी लागत नाही. पुढे आजार उलटला आणि त्याला स्वतःला निर्णय घेता येत नसला, तर दाखल करण्याचा अर्ज हा प्रतिनिधी करतो. दाखल करण्याआधी दोन तज्ज्ञ त्याला स्वतंत्रपणे तपासतात आणि पहिली मुदत ३० दिवसांपर्यंत असते. प्रतिनिधी ठरलेला नसेल तर ऐन रात्री चुलत्यांमध्ये वाद सुरू होतो.

आगाऊ सूचनापत्र. मला कोणते उपचार चालतील, कोणते नकोत, कुठे दाखल करावं, हे शुभार्थी आधीच लिहून ठेवू शकतो. दोन साक्षीदार लागतात आणि मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे नोंद होते. नोंदीला वेळ लागत असला तरी लिहून डॉक्टरांकडे एक प्रत आत्ताच द्या.

बँक आणि फोन. बायपोलरमध्ये उन्मादाच्या काळात चार दिवसांत वर्षाची बचत जाते. झटपट कर्ज देणारी ॲप्स, उधारीवर घेतलेली गाडी, ओळख नसलेल्या लोकांना वाटलेले पैसे. शुभार्थी बरा असताना त्याच्याशी बसून हे ठरवा: यूपीआय आणि कार्डाची दिवसाची मर्यादा कमी करायची, मोठी रक्कम दोघांच्या सहीच्या खात्यात ठेवायची, जमिनीचे आणि घराचे कागद बँकेच्या लॉकरमध्ये. त्याच्या खर्चाला मात्र एक छोटं खातं पूर्ण त्याच्या ताब्यात राहू द्या. हातातला शेवटचा रुपया काढून घेतला की माणूस उपचारांवरही रुसतो.

सावधान: कोऱ्या कागदावर सह्या घेऊन ठेवू नका. उद्या भावंडांत वाद झाला तर तोच कागद तुमच्याविरुद्ध वापरला जातो.

## टप्पा ४: अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी (दिव्यांगांचं ओळखपत्र)

पुढच्या जवळजवळ सगळ्या सवलतींचं दार हे आहे, आणि सर्वाधिक अर्ज इथेच अडकतात. म्हणून हा टप्पा सावकाश वाचा.

कधी अर्ज करायचा? निदान झाल्यावर लगेच नव्हे. काही काळ नीट उपचार घेऊनही अडचण उरली आहे हे दिसायला हवं. आजाराला दोन वर्षं झाली असतील आणि केसपेपर सलग असतील तर बाजू मजबूत होते.

अर्ज. स्वावलंबन या सरकारी पोर्टलवर घरून किंवा सेवा केंद्रातून होतो. आधार, फोटो आणि सही किंवा अंगठा लागतो. अपंगत्वाचा प्रकार निवडताना "मानसिक आजार" हाच पर्याय निवडा. सेवा केंद्रातली मुलं घाईत "बौद्धिक अक्षमता" निवडतात, कारण यादीत ते ओळखीचं वाटतं. मग अर्ज चुकीच्या तज्ज्ञाकडे जातो, फेटाळला जातो आणि पुन्हा सुरुवात. अर्ज सादर होण्याआधी पडद्यावरची नोंद स्वतः वाचा.

तपासणी. मानसिक आजारासाठी "आयडियाज" नावाची मोजपट्टी वापरतात. चार बाबी पाहतात: स्वतःची काळजी, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, आणि काम. प्रत्येकीला ० ते ४ गुण. आजार किती वर्षांचा आहे त्याचे गुण वेगळे मिळवतात. बेरीज ७ किंवा जास्त आली तर अपंगत्व ४० टक्के किंवा पुढे धरलं जातं, आणि बहुतेक योजनांची किमान अट तीच आहे.

इथे घरच्यांच्या उत्तरांवर फार काही अवलंबून असतं. एक नेहमीचा प्रसंग. डॉक्टर विचारतात, "आंघोळ स्वतः करतो का?" आई म्हणते, "हो." तिच्या दृष्टीने ते खरंच असतं, कारण अंगावर पाणी तो स्वतः ओततो. पण पाणी तिने काढलेलं असतं, कपडे तिने खुंटीला लावलेले असतात, ती दाराशी उभी राहून तीनदा "साबण लाव" म्हणालेली असते, आणि ती नसेल त्या दिवशी आंघोळ होतच नाही. हे सगळं त्या "हो" मध्ये हरवतं आणि गुण शून्य पडतो. उत्तर असं द्या: "सांगून, पाणी काढून दिल्यावर करतो. न सांगता गेल्या महिन्यात केलेली नाही."

कामाच्या प्रश्नातही हेच होतं, विशेषतः बायकांच्या बाबतीत. "ती घरातच असते" असं सांगितलं की काही अडचणच नाही असं वाटतं. घरकाम हेही काम धरलं जातं. तिला कुकर लावता येत नाही, गॅस चालू राहतो, मुलाचा डबा होत नाही, दुकानातून सामान आणता येत नाही, असं एकेक करून सांगा.

दुसऱ्या बाजूला, वाढवून सांगू नका आणि शुभार्थीला "वेडं वाग" असं तर कधीच शिकवू नका. त्याचा अपमान होतो, आणि अनुभवी मानसोपचारतज्ज्ञाच्या ते लक्षातही येतं. उलट काही घरं त्या दिवशी त्याला इस्त्रीचे कपडे घालून "नीट उत्तरं दे" म्हणून दम देतात. तेही नको. रोज जसा असतो तसा जाऊ द्या, आणि वही दाखवा. दहा मिनिटांच्या भेटीत न दिसणारा महिना त्या वहीत असतो.

तपासा, निघण्याआधी:
- तपासणी करणाऱ्या वैद्यकीय मंडळाचा वार फोन करून नक्की केला का? मानसोपचारतज्ज्ञ त्या दिवशी आहेत का?
- जो माणूस रोज सोबत राहतो तोच बरोबर जातोय ना? शहरातून आलेला भाऊ उत्तरं देऊ शकत नाही.
- सकाळची गोळी दिली का? तपासणीसाठी औषध बंद करणं ही धोक्याची चूक आहे.
- पाणी, डबा, बसायला सावली. रांग मोठी असते, आणि गर्दीत शुभार्थी अस्वस्थ झाला तर अर्ध्यातून परतावं लागतं.

निकाल. २०२४ च्या सुधारित नियमांनुसार प्रमाणपत्राला तीन महिन्यांपर्यंत वेळ लागू शकतो. टक्के ४० पेक्षा कमी आले आणि ते चुकीचं वाटत असेल तर दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम ५९ खाली अपील करता येतं. अपिलात तक्रारीच्या सुरात लिहू नका. कोणत्या बाबीत काय नोंदायचं राहिलं ते वहीतल्या तारखांसह लिहा.

मानसिक आजाराचं प्रमाणपत्र बऱ्याचदा ठरावीक मुदतीचं असतं. मुदत संपण्याच्या किमान तीन महिने आधीची तारीख कॅलेंडरवर लिहा. मुदत संपली की अनुदान थांबतं, आणि पुन्हा सुरू करायला महिने जातात.

## टप्पा ५: प्रमाणपत्र हातात आल्यावर

संजय गांधी निराधार अनुदान. तहसील कार्यालयात किंवा सेतू केंद्रात अर्ज. महाराष्ट्रात १५ वर्षांचा रहिवास, वय ६५ पेक्षा कमी, आणि दिव्यांगांसाठी कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ५०,००० रुपयांपर्यंत ही अट. ऑक्टोबर २०२५ पासून दिव्यांग लाभार्थ्यांना महिन्याला २,५०० रुपये आहेत. खातं आधारशी जोडलेलं हवं. हयातीचा दाखला दर वर्षी द्यावा लागतो. तो राहिला म्हणून बंद पडलेली खाती मी फार पाहिली आहेत.

ग्रामपंचायत, नगरपालिका, महापालिका. स्वतःच्या उत्पन्नातला ५ टक्के निधी दिव्यांगांसाठी खर्च करणं त्यांच्यावर बंधनकारक आहे. त्यासाठी नावाची नोंद लागते. मानसिक आजाराच्या घरांपैकी फारच थोडी ही नोंद करतात, कारण गावात कळेल ही भीती. निर्णय तुमचा, पण ग्रामसेवकाला एकट्याला भेटून अर्ज देता येतो.

आयकर. अपंग आश्रिताचा सांभाळ करणाऱ्याला जुन्या करप्रणालीत कलम ८०डीडी खाली ७५,००० रुपयांची सरसकट वजावट मिळत आली आहे, आणि ८० टक्के किंवा जास्त अपंगत्व असेल तर १,२५,००० रुपयांची. प्रत्यक्ष खर्च किती झाला त्याच्याशी तिचा संबंध नाही. २० टक्क्यांच्या टप्प्यात असाल तर ७५,००० वर १५,००० रुपये वाचतात. भाऊ-बहीणही ही वजावट घेऊ शकतात. शुभार्थी स्वतः कमावत असेल तर त्याच्यासाठी ८०यू आहे, आणि मग त्याच्यासाठी दुसऱ्याला ८०डीडी घेता येत नाही. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा लागू असल्याने कलमांचे आकडे बदलले आहेत, म्हणून सीएला "अपंग आश्रिताची वजावट" असं म्हणून विचारा. नवी करप्रणाली निवडली तर ही वजावट मिळत नाही, तेव्हा दोन्ही हिशेब मांडून बघा.

तीन नेहमीच्या चुका:
- कलम ८०डीडीबी खाली औषधांची बिलं लावणं. त्या यादीत स्मृतिभ्रंश आणि पार्किन्सनसारखे मेंदूचे आजार आहेत, स्किझोफ्रेनिया नाही.
- "निरामय" विम्याचा अर्ज करणं. तो राष्ट्रीय न्यासाच्या कक्षेतल्या अपंगत्वांसाठी आहे: स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता. मानसिक आजार त्यात बसत नाही.
- कार्ड आहे म्हणून प्रत्येक प्रवासात सवलत मिळेल असं धरून निघणं. सवलतीच्या याद्या सगळ्या अपंगत्वांना सरसकट लागू नसतात. तिकीट काढण्याआधी विचारा.

## टप्पा ६: विमा

थोडक्यात सांगते. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्याच्या कलम २१(४) प्रमाणे विमा कंपन्यांनी मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरलं पाहिजे. अर्ज भरताना आजार लपवू नका. लपवला तर नेमका दावा करायच्या वेळी पॉलिसी जाते. आधीपासूनच्या आजारासाठी प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त तीन वर्षांचा आहे, म्हणून उशीर करण्यात अर्थ नाही. बहुतेक पॉलिसी फक्त दाखल झाल्यावरचा खर्च देतात, महिन्याच्या गोळ्यांचा नाही. घरातल्या कोणाच्या नोकरीत समूह विमा असेल तर शुभार्थीचं नाव त्यात घालता येतं का ते आधी बघा.

## टप्पा ७: शुभंकराचं वेळापत्रक

पैशाचा हिशेब लागला तरी सांभाळ एकाच माणसावर राहिला तर घर पुन्हा कोसळतं. आणि त्या एका माणसाला कोणी विचारत नाही, कारण "आईच करते".

घरातल्या सगळ्यांनी एकदा बसून कामांची वाटणी कागदावर करा: गोळी कोण देणार, दवाखान्यात कोण नेणार, रात्री कोण जागणार, आणि मुख्य शुभंकराला आठवड्यातला कोणता अर्धा दिवस पूर्ण मोकळा. लांब राहणाऱ्या भावंडांना वेळ देता येत नसेल तर त्यांनी ठरलेली रक्कम ठरलेल्या तारखेला पाठवायची. "लागेल तेव्हा सांग" म्हणणाऱ्या भावाकडे बहीण कधी मागत नाही. पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन आणि ठाण्यात आयपीएच ही मानसिक आरोग्याची संस्था यांचे शुभंकरांसाठी गट चालतात. तिथे पहिल्या वेळी नुसतं ऐकलं तरी चालतं.

घरातली सततची टीका आणि वैताग यांमुळे आजार लवकर उलटतो, हे अनेक देशांतल्या संशोधनात दिसलेलं आहे. न झोपलेल्या माणसाकडून शांतपणाची अपेक्षा करू नये. म्हणून शुभंकराची झोप ही उपचाराचाच भाग समजा आणि तिच्यासाठी माणूस लावायला लागला तर तो खर्च वहीत औषधांच्या रकान्यात लिहा.

धोक्याची खूण: दोन-तीन रात्री झोप नाही, गोळी थुंकणं, अचानक संशय वाढणं, आंघोळ आणि जेवण बंद. यातल्या दोन गोष्टी एकत्र दिसल्या की त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर चोवीस तास मोफत आहे आणि मराठीत बोलतात. तो शुभंकरासाठीही आहे. मरणाची भाषा किंवा मारहाण सुरू झाली तर १०८ किंवा ११२, वाट न बघता. माणूस घरातून निघून गेला तर लगेच पोलिसांना कळवा. भटकत असलेल्या आजारी माणसाला ताब्यात घेऊन २४ तासांच्या आत सरकारी आरोग्य केंद्रात पोहोचवणं हे त्यांचं कर्तव्य आहे. ताजा फोटो फोनमध्ये असू द्या.

## टप्पा ८: आई-वडिलांनंतर

हे काम आई-वडील धडधाकट असतानाच करायचं आहे.

कुटुंब निवृत्तिवेतन. वडील किंवा आई सरकारी नोकरीत असतील तर मानसिक आजारामुळे कमावू न शकणाऱ्या मुलाला किंवा मुलीला ते हयातभर मिळू शकतं, वयाची अट नाही. केंद्र आणि महाराष्ट्र, दोन्हीच्या नियमांत ही तरतूद आहे. त्यासाठी कार्यालयातल्या कुटुंबाच्या तपशिलात मुलाचं नाव आणि अपंगत्वाची नोंद पाहिजे. निवृत्त झाला असाल तरी आत्ता लेखी कळवा आणि पोच घ्या. आजार पालक हयात असतानाच सुरू झालेला होता हे दाखवावं लागतं, तिथे जुना केसपेपर लागतो. खासगी नोकरीतल्या ईपीएस, म्हणजे पीएफबरोबरच्या पेन्शनमध्येही कायमस्वरूपी पूर्ण अपंग अपत्याला हयातभर पेन्शन आहे.

मृत्युपत्र. घर नुसतं शुभार्थीच्या नावावर करून ठेवलं तर उद्या कोणीही त्याच्याकडून सही घेऊ शकतं. नुसतं भावाच्या नावावर "तू बघशील ना" म्हणून केलं तर भावाचं निधन, कर्ज किंवा घटस्फोट यात ते अडकतं. मधला मार्ग म्हणजे मृत्युपत्रातून त्याच्यासाठी खासगी न्यास (ट्रस्ट): मालमत्ता विश्वस्तांकडे, खर्च फक्त त्याच्या राहण्या-औषधासाठी, आणि एकापेक्षा जास्त विश्वस्त. त्यातला एक तरी नात्याबाहेरचा असावा असं माझं ठाम मत आहे. मृत्युपत्राला स्टॅम्प ड्युटी नाही, दोन साक्षीदार पुरतात, पण नोंदणी करून घ्या. न्यासाचा मसुदा मात्र वकील आणि सीए दोघांना दाखवा, कारण कराचे नियम वेगळे आहेत.

पालकत्व. राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं पालकत्व मानसिक आजाराला लागू नाही, तरी लोक त्याच समितीकडे खेटे घालतात. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याच्या कलम १४ मध्ये "मर्यादित पालकत्व" आहे. ते ठरावीक कामापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि शुभार्थीच्या सल्ल्याने निर्णय घेणारं असतं. त्यासाठी जिल्हा न्यायालयात अर्ज करावा लागतो. वकिलाचे पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे जा. अपंग व्यक्तीला तिथे मोफत वकील मिळतो.

सांभाळपत्र. याला कायद्याचं नाव नाही, तरी लिहाच. दोन पानं पुरतात. कोणती गोळी किती वाजता आणि कशाबरोबर. कोणतं औषध पूर्वी सोसलं नाही. कोणाचं ऐकतो. कशाने चिडतो: टीव्हीचा आवाज, दार लावणं, एखादं नाव. काय आवडतं: सकाळचा चहा बाल्कनीत, शनिवारी मारुतीला जाणं, जुनी गाणी. डॉक्टरांचा नंबर, प्रमाणपत्राची मुदत, बँक कोणती. शुभार्थीला शेजारी बसवून लिहा, त्याला स्वतःला जे घालायचं असेल ते त्याच्या शब्दांत घाला. एक प्रत विश्वस्ताला, एक जवळ राहणाऱ्या नातेवाइकाला, एक डॉक्टरांकडे. औषध बदललं की तिन्ही प्रती बदला.